सुरतेची मानवधर्म सभा आणि इंग्रजी बुद्धिवाद

मानवी बुद्धीला जे पटत नाही, ते धर्मात मान्य करावे काय? सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी विचारवंतांनी या प्रश्नाचा सतत ऊहापोह केला. ख्रिस्ती श्रद्धा बुद्धीशी सुसंगत आहे, असे जॉन लॉकने १६९५ साली प्रतिपादिले. तथापि प्रकटीकरणाची गरज त्याने नाकारली नाही. मॅथ्यू टिंडल १७३० साली त्याच्याही पुढे गेला. खरा धर्म सृष्टीइतकाच जुना असून बुद्धीच्या द्वारे तो सर्वांस आरंभापासूनच खुला आहे, असे त्याचे मत होते. त्यावर १७३६ साली जोसेफ बटलरने विचारले : निसर्गक्रमातही न उलगडणाऱ्या गोष्टी आहेत; मग तशाच अडचणींमुळे प्रकटीकरण तेवढे त्याज्य कसे?

सुमारे शतकानंतर हाच प्रश्न सुरतेत निराळ्या रूपाने उभा राहिला. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापिली. दादोबा तेव्हा सुरतेस शाळेवर नेमणुकीस होते. सभेने मांत्रिकांना जाहीर आव्हान दिले आणि जातिभेदावर टीका केली. दादोबांचा ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ १८४३ च्या सुमारास सिद्ध झाला. परंतु तो छापला गेला १८६८ साली, तोही टोपणनावाने. ईश्वर एक, मनुष्यजात एक, विचारस्वातंत्र्य सर्वांस आणि आचरण विवेकाला धरून, ही त्यातील तत्त्वे टिंडलच्या निसर्गधर्माशी जवळचे नाते सांगतात. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. टिंडलपुढे प्रस्थापित चर्च होते. दादोबांपुढे जातिसंस्था होती. म्हणून येथे बुद्धिवादाची कसोटी ग्रंथापेक्षा पंक्तीत लागणार होती.

१८४६ साली दादोबा मुंबईस गेले आणि सभेचा जोर ओसरला. मुंबईत १८४९ साली निघालेली परमहंस सभा गुप्तपणे चाले. १८६० साली सभासदांची नावे उघड होण्याचा प्रसंग येताच ती मोडली. तत्त्व बुद्धीला पटले होते. त्यासाठी बहिष्कार सोसण्याचे बळ मात्र बहुतेकांपाशी नव्हते. खुद्द दादोबांचा शोधही बुद्धिवादापाशी थांबला नाही. १८७८ साली त्यांनी स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती गूढवाद्याच्या ग्रंथांवर इंग्रजीत चिंतन प्रसिद्ध केले.

यावरून बुद्धी निरुपयोगी ठरत नाही. अंधश्रद्धेची झाडणी तिनेच केली. परंतु पटलेले सत्य जगण्यास जे धैर्य लागते, ते केवळ युक्तिवादातून येत नाही. मनुष्यजात एक आहे, हे आपणही उपासनेत उच्चारतो. आपल्या मंडळीत सोयरीक ठरविताना ते कितपत खरे ठरते, हे वाचकांनी स्वतःशीच ताडून पाहावे.