काम संपलं, हे शरीराला कोण सांगणार?

सोमवारची सकाळ, आमच्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी. बाहेर रांग आणि आत माझ्यासमोर अडकलेला संगणक. रुग्णाची नोंद उघडेना, म्हणून मी माऊसवर बोट आपटत होतो. समोर बसलेला चौतिशीचा तरुण नम्रपणे म्हणाला, ‘‘सर, सारखं क्लिक करू नका. आणखी अडकेल.’’

तो हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये, फेज तीनला प्रोग्रॅमर आहे. आला होता तो सातारा जिल्ह्यातल्या गावाहून आलेल्या वडिलांना दाखवायला. वडिलांची तपासणी झाली, तसे तेच म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, माझं ऱ्हाऊ द्या, ह्याला बघा. रात रात जागतोय, पोरावर खेकसतोय, छातीत धडधडतंय म्हणतोय. दिवसभर एसीत बसून ह्यो दमतोय कशानं?’’

रक्तदाब निघाला १५२/९६. फोन बंद करायला लावून पाच मिनिटं शांत बसवलं, पुन्हा मोजला, १४४/९२. ईसीजी ठीक होता. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त पाठवलं आणि त्याला त्याचा दिवस विचारला.

वाकडच्या पुलापासून गाडी मुंगीच्या चालीनं जाते. ऑफिसात पोहोचावं, तर काल चालणारा कोड आज चालत नाही. कुणीतरी कुठली तरी लायब्ररी अपडेट केलेली असते. कारण शोधण्यात तीन तास जातात, त्यात चॅटवर दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा दिवस सुरू होतो. महिन्यातला एक आठवडा ‘ऑन-कॉल’, म्हणजे रात्री दोनलाही फोन वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा. बऱ्याचदा इशारा खोटाच निघतो. मग झोप येत नाही, म्हणून हातात मोबाइल. लिंक्डइनवर कुणाची बढती, इन्स्टाग्रामवर कुणाचं नवं घर, व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या कंपनीत किती जणांना नारळ मिळाला याची चर्चा.

यातली एकही गोष्ट मोठी नाही, म्हणूनच आपण तिला आजाराच्या हिशेबात धरत नाही. शरीर मात्र धरतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भीती आणि रागात शरीरात होणाऱ्या बदलांवर पुस्तक लिहिलं. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना त्यांचीच. धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू ताणले जातात. ही सगळी तयारी धावण्यासाठी असते. प्रोग्रॅमर मात्र खुर्चीतच बसलेला असतो, आणि वीस मिनिटांनी पुढचा इशारा येतो.

इथे एक गोष्ट आयटीतल्या वाचकांना सांगावीशी वाटते. चुका होणं हा तुमचा नालायकपणा नव्हे, तो या धंद्याचाच भाग आहे. केंब्रिजमध्ये सुरुवातीच्या संगणकांपैकी एक उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांना १९४९ मध्येच कळून चुकलं होतं, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्यांनी ते आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या उशाशी मात्र रात्री वाजणारा मोबाइल नव्हता.

मी वडिलांना विचारलं, ‘‘काका, शेतीची वीज रात्रीची असते, तेव्हा तुम्हीही उठायचाच ना?’’

‘‘उठायचो की. दोन-दोन वाजता, बॅटरी घिऊन. पण वाफं भरलं, मोटार बंद केली, की घरी येऊन पडल्या पडल्या डोळा लागायचा.’’

फरक इथेच आहे. झोपमोड दोघांचीही झाली. पण वडील चालले, वाकले, आणि शरीरानं केलेली तयारी वापरली गेली. शिवाय काम डोळ्यांदेखत संपलं. मुलाच्या कामाला असा शेवट नाही, आणि विसावा म्हणून तो जे उघडतो त्यालाही नाही. बोट सरकवत राहिलं तरी तळ न लागणारं पान ही मुद्दाम केलेली रचना आहे. २००६ मध्ये ती आखणाऱ्या एझा रॅस्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. गाढ झोपेत आपला रक्तदाब एरवी दहा ते वीस टक्के उतरतो. झोप तुटत राहिली, तर हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ही विश्रांती पुरेशी मिळत नाही.

मी त्याला लगेच गोळी दिली नाही. एका मोजणीवर निदान करायचं नसतं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजून लिहायला सांगितलं, आणि सोबत चार गोष्टी. राग चढला की दोन मजले चढून-उतरून यायचं. दुपारी दोननंतर कॉफी नाही, कारण तिच्यातलं निम्मं कॅफिन शरीराबाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात. लॅपटॉप मिटण्याआधी उद्याचं पहिलं काम कागदावर लिहायचं. आणि ऑन-कॉलची रिंग सोडून बाकी सगळ्या सूचना रात्री बंद, मोबाइल उशापासून दूर.

पण सगळा भार एकट्यावर टाकणंही बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हटलं. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. हिंजवडी ज्या मतदारसंघात येते, त्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

दोन आठवड्यांनी तो कागद घेऊन आला. रक्ताचे अहवाल चांगले होते. रक्तदाबाची सरासरी १३७/८८ होती, म्हणजे घरच्या मोजणीतली १३५/८५ ही मर्यादा ओलांडलेलीच. ऑन-कॉलचे आकडे ठळकपणे जास्त होते. तो कागद त्यानं मॅनेजरलाही दाखवला होता. रात्री उठावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायचं, एवढं ठरलं. मीठ कमी, रोज चालणं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हाही उतरला नाही, तर गोळी सुरू करायची.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर तिशीपासूनच वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्या. छातीत दाब, कळ हातात किंवा जबड्यात जाणं, घाम, धाप यांपैकी काही झालं, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करा. मन सतत खचलेलं असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

माझा संगणक अजूनही अडकतो. आता मी क्लिक करत बसत नाही. उठतो, दारापर्यंत जातो आणि पुढच्या रुग्णाला स्वतःच हाक मारतो.