दातावरचा डिंक

दातांना तार लावलेली दोन-चार मुले-मुली हल्ली कोणत्याही वर्गात दिसतात. प्रत्येक दातावर एक चिमुकला तुकडा बसविलेला असतो. त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याच्या खाचेतून तार जाते. पण हा तुकडा गुळगुळीत दाताला धरून राहतो कसा? वर्ष-दोन वर्षे भाकरी, लाळ, गरम चहा सोसून तो टिकला पाहिजे आणि काम संपले की दाताला इजा न करता सुटलाही पाहिजे. खरी गोम आहे ती या दुसऱ्या अटीत.

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी सिमेंटने बसवीत. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी दाखविले की, दाताच्या वरच्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर, फॉस्फरिक आम्ल थोडा वेळ ठेवल्यास त्यावर कृत्रिम राळ कितीतरी घट्ट बसते. आम्लामुळे सूक्ष्म छिद्रे पडतात, पातळ राळ त्यांत शिरते आणि तिथेच कडक होते. ब्रॅकेटच्या तळालाही बारीक जाळी असते. मुळांनी माती धरावी, तशी ही दुहेरी पकड. दात जरा ओला राहिला तर मात्र ती कच्ची होते.

पकड किती हवी? १९७५ साली रेनॉल्ड्स यांनी सुचविलेला आकडा आजही सांगितला जातो : सुमारे ६ ते ८ मेगापास्कल. तळ १० चौरस मिलिमीटर धरला, तर हा ६ ते ८ किलो वजनाचा भार झाला! मग याच्या तिप्पट का नको? कारण एनॅमल एकदा उडाले की पुन्हा येत नाही.

आरशावरची टिकली आपण सरळ ओढत नाही, कडेने सोलतो. डॉक्टरही तेच करतात. चिमट्याने तळ दाबला की धातू वाकतो, कडेला फट पडते आणि ब्रॅकेट निघते. १९८०च्या दशकात दातांच्या रंगाची सिरॅमिक ब्रॅकेट्स आली. दिसायला छान, पण ती वाकत नाहीत. शिवाय काहींना रासायनिक बंधाची जास्तीची पकड दिलेली होती. ती काढताना काही रुग्णांच्या एनॅमलचे टवके निघाले. पुढे उत्पादकांनी तळाची रचना बदलून ही पकड मुद्दाम कमी केली.

ब्रॅकेट निघाल्यावर राळ दातावरच राहिली, तर ते काम बिघडल्याचे लक्षण नव्हे. सांधा एनॅमलपासून दूर तुटला, एवढाच त्याचा अर्थ. ही राळ नंतर फिरत्या बारीक हत्याराने घासून काढतात. पण तिचा रंग बहुधा दातासारखाच, त्यामुळे दात पुन्हा पुन्हा कोरडा करून ती शोधावी लागते.