पगडी आणि मोगलांचे मुन्शी

रोमनांचा इतिहास मुळातून वाचायचा तर लॅटिन आलीच पाहिजे. दख्खनमध्ये तो मान फारसीचा. शिवकाळावर तावातावाने बोलणारे आपल्याकडे उदंड; औरंगजेबाच्या कचेरीतला कागद स्वतः उलगडू शकणारे मोजके. हैदराबादच्या नोकरीत घडलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) त्या मोजक्यांतले.

जन्म निलंग्याचा, म्हणजे तेव्हाच्या निझामी मुलखातला. घरात मराठी, बाजारात कानडी-तेलुगू आणि कचेरीत उर्दू, असा तो मुलूख. निझामाच्या दफ्तरातून फारसी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हटली खरी, पण महसुलाची सगळी परिभाषा तिचीच राहिली. अलाहाबादला शिकून आलेले पगडी हैदराबाद सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरले आणि याच परिभाषेत त्यांचा रोजचा कारभार सुरू झाला. त्यांच्यातला इतिहासकार विद्यापीठापेक्षा या कचेऱ्यांत जास्त घडला, असं मला वाटतं.

गोंडांचा पुढारी कोमरम भीम याच्या उठावानंतर, १९४० नंतर, निझाम सरकारला आदिलाबादच्या गोंडांकडे लक्ष द्यावं लागलं. पगडी तिथे काम करताना गोंडी शिकले. १९५०च्या दशकात त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं इंग्रजीत लिहिली. शिवचरित्रकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्या महाराष्ट्राला याचा फारसा पत्ता नाही, ही आपल्याच करंटेपणाची बाब.

१९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पगडीही पुढे मुंबईकर झाले. गॅझेटिअरचं संपादन, गालिब-इक्बालची मराठीला ओळख, व्याख्यानं. लेखनाचा झपाटा असा की टीपा कधी कधी तोकड्या पडतात, हेही सांगायला हवं.

पण मोगल दरबारच्या अखबारांवरचं काम पाहावं. हे अखबार म्हणजे रोजच्या घडामोडींच्या त्रोटक नोंदी: कुणाची मनसब वाढली, कुणी काय नजर केलं, कुठल्या किल्ल्याकडून काय खबर आली. लिपी शिकस्ता, घाईची, नुक्ते बरेचदा गाळलेले. साल बादशहाच्या जुलूसचं, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेलं, महिना हिजरी. मध्येच ‘हजारी जात, पाचशे सवार’ असं काही येतं. पहिला आकडा दर्जा-पगाराचा, दुसरा पदरी बाळगायच्या घोडेस्वारांचा. पगार बहुधा जहागिरीतून. आता दख्खनची जहागीर नावावर असूनही मनसबदार कफल्लक का, हे ज्यानं वसुलीचं काम जवळून पाहिलंय त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कागदावरची जमा आणि हातात पडणारा पैसा यांत किती अंतर असतं, ते त्याला ठाऊक असतं.

भीमसेन सक्सेनाची ‘तारीख-ए-दिल्कुशा’ पगडींनी मराठीत आणली, तेव्हा हीच जाण कामी आली. भीमसेन बुऱ्हाणपूरचा कायस्थ, मोगल सरदार दलपतराव बुंदेल्याच्या पदरचा. जिंजीचा वेढा त्यानं डोळ्यांनी पाहिला. महागाई, थकलेली फौज, मराठ्यांशी हातमिळवणी करणारे जमीनदार, हे सगळं तो मोगलांच्याच छावणीत बसून लिहितो आणि धन्यांची भीड फारशी बाळगत नाही. १९९२ साली पद्मभूषण मिळालेल्या पगडींचं एकच पुस्तक वाचायचं असेल, तर शिवचरित्र बाजूला ठेवून मी आधी हे हातात देईन.