नभोवाणीवरील उमेदवारी

नभोवाणीचा आवाज ऐकणाराला आकाशांतून सहज उतरल्यासारखा वाटतो. निवेदक वेळ सांगतो, गाणें लागतें, मग बाजारभाव, मग हवामान. सारें कांहीं पाण्यासारखें वाहत असतें. ह्या सहजतेच्या मागें केवढी उमेदवारी असते, ह्याची कल्पना मात्र फार थोड्यांस असते. सुताराच्या हाताखालचा पोर आधीं रंधा धरावयास शिकतो आणि खुर्ची पुष्कळ मागाहून करतो. नभोवाणीवरही तोच क्रम आहे.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. विदर्भाच्या वांट्याला नागपूरचें केंद्र आलें तें १६ जुलै १९४८ रोजीं, आणि पुढें यवतमाळ येथेंही आकाशवाणीचें केंद्र झालें. यवतमाळ जिल्ह्यांतील, महागांव तालुक्यांतलें फुलसावंगी हें कपाशीच्या मुलखांतलें गांव. तेथील एखादा तरुण अशा केंद्रावर उमेदवारीस गेला, तर त्याला काय शिकावें लागेल?

पहिल्याच दिवशीं आपणांस मायक्रोफोनपुढें बसवितील, ही त्याची आशा बहुधा फोल ठरेल. त्याला आधीं ऐकावयास बसवितात. दोन खोल्या, मध्यें दुहेरी कांच. एकींत बोलणारा, दुसरींत यंत्रें सांभाळणारा. कांचेच्या आडून दोघांचें संभाषण चालतें तें केवळ हातांच्या खुणांनीं. तांबडा दिवा लागला कीं आंतील प्रत्येक ध्वनि घरोघर पोहोंचणार, हें ध्यानीं धरून खोकला आंवरावा लागतो, खुर्चीही करकरूं द्यावयाची नसते. दिवा लागला असतांना गप्प बसतां येणें, हा ह्या विद्येचा श्रीगणेशा होय.

मग मायक्रोफोनशीं ओळख. तोंड त्याच्यापासून वीतभर दूर असावें. त्याहून जवळ गेल्यास 'प', 'फ', 'भ' ह्या अक्षरांबरोबर निघणारा वारा आंत आदळतो आणि ऐकणाराच्या कानीं फटका बसल्यासारखा आवाज येतो. म्हणून थोडें बाजूस वळून बोलावें. कागद उलटूं नये, हळूच सरकवावा. आणि सभेंत बोलल्यासारखें ओरडूं नये. लाखों लोक ऐकत असले तरी प्रत्येक जण आपल्या ओसरीवर एकटा असतो, त्या एकट्याशीं बोलावयाचें असतें.

ह्यानंतर घड्याळाची शिस्त. सावकाश व स्पष्ट वाचतां मिनिटाला साधारणतः शंभर ते सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटांच्या भाषणाचा मजकूर ह्या हिशोबानें आधींच बेतावा लागतो, कारण पुढचा कार्यक्रम कोणासाठीं थांबत नाहीं. काय केव्हां लागलें आणि कोठें चुकलें, ह्याची नोंद वहींत होते. ध्वनिफितींच्या जागीं आतां संगणक आले. तरी सेकंदांचा हिशोब आणि ही नोंद सुटलेली नाहीं.

परंतु ही सारी शिस्त केवळ टापटिपीसाठीं आहे, असा समज कोणी करून घेऊं नये. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों जण आजारी पडले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. तथापि अशा मुलखांत औषधाचें प्रमाण सांगणाऱ्या आवाजाची जबाबदारी किती, हें त्यावरून कळतें. 'सात' आणि 'साठ' हे शब्द मराठींत किती जवळचे! खरखरणाऱ्या यंत्रावर सातचे साठ ऐकूं आले, तर पंपांत काय पडेल? म्हणून उमेदवारानें 'साठ, सहावर शून्य' असें फोडून सांगावें, आंकडा दोनदां वाचावा, आणि तोंडावर फडकें बांधण्याची व वाऱ्याच्या दिशेस पाठ करण्याची सूचना घाईंत गिळूं नये. चूक झालीच, तर ती लपवूं नये. तेथल्या तेथें 'क्षमा करा' म्हणून खरा आंकडा सांगावा. छापलेलें वाक्य वाचकाला पुन्हा पाहतां येतें. बोललेलें वाक्य मात्र एकदां गेलें कीं गेलें.

ह्या विद्येंत शेवटचा धडा ऐकणाराकडूनच मिळतो. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें केंद्रावरून पांच मराठी जिल्ह्यांतील दीडशें गांवांसाठीं एक प्रयोग झाला. दहा आठवड्यांत अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गांवोगांवीं मंडळें जमून ते ऐकत, त्यांवर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळत. तोंवर नभोवाणी बोलत असे आणि गांव ऐकत असे. ह्या प्रयोगानें गांवालाही बोलतें केलें. सांगितलेलें समजलें कीं नाहीं, हें केंद्रास प्रथमच इतक्या जवळून उमगलें.

फुलसावंगीच्या तरुणाजवळ ह्या बाबतींत एक मोठें भांडवल आहे. आपला बाप काय ऐकतो, आई कोणत्या शब्दापाशीं थबकते आणि शेजारी कोणत्या वाक्यावर हंसतो, हें तो जन्मापासून जाणतो. केंद्रावर शुद्ध बोलणें शिकतांना त्यानें हें ज्ञान लाजेनें टाकून देऊं नये. वर्षभराच्या उमेदवारीनंतर त्याचा आवाज प्रथम गांवीं पोहोंचेल, तेव्हां ओसरीवरच्या माणसानें 'हा आपलाच पोरगा' एवढेंच म्हणून थांबूं नये. त्यानें सांगितलेलें औषधाचें माप त्याला बिनचूक सांगतां यावें. तेथें त्याची उमेदवारी सफळ झाली.