चौदा टक्के

९.४५. ग्रंथालयाचं कुलूप निघतं, 'सोल' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सुरू होतं. त्याचा मुख्य पासवर्ड हल्ली संगणक विभागाकडे असतो. एखादी नोंद चुकली तर ती दुरुस्त करायला मला त्यांना ईमेल करावा लागतो.

१०.३०. देवघेव. बारकोड वाचला की काम संपतं, ते परिचर माझ्यापेक्षा झपाट्यानं करतात.

११.१५. नॅक मूल्यांकनाची बैठक. चौथ्या निकषासाठी एन-लिस्ट या ई-साहित्य सेवेच्या लॉगिनचे आकडे हवेत. किती जण आले हे विचारतात. काय शोधत होते आणि मिळालं का, हे कुणी विचारत नाही. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांना त्या तक्त्यात रकाना नाही.

१२.३०. एम.ए.ची मुलगी संदर्भयादी घेऊन आली. एआयनं करून दिलेली. त्यातला एक लेख वाईच्या 'नवभारत'मधला. बांधीव अंक काढून दोघींनी अनुक्रमणिका पाहिल्या. मासिक खरं, लेखकही खरा, लेख मात्र कुठेच नाही. "मग हे आलं कुठून?" तिला खरंच धक्का बसला होता. तिला सूची कशी धुंडाळायची ते दाखवलं. जेवण राहिलं.

३.००. पीएच.डी.चा विद्यार्थी, प्रबंधाच्या साम्य-तपासणीचा अहवाल घेऊन. "मॅडम, चौदा टक्के आलेत. तेवढं दहाच्या आत आणून द्या." जणू मी रक्तदाबाची गोळी देते! यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. संदर्भसूची आणि कायद्याची कलमं तर मोजायचीच नसतात. ती वगळल्यावर आठ उरले. तो उठायला लागला.

मी मात्र तिसरं प्रकरण वाचत होते. दोन पानं ओळखीची वाटली. कपाटातून इंग्रजी ग्रंथ काढला: त्याच क्रमानं, त्याच उदाहरणांसह, नुसतं मराठीत उतरवलेलं. भाषा बदलल्यामुळे अहवालात तिथे एकही रंगीत ओळ नव्हती. म्हटलं, "मूळ ग्रंथाचा हवाला द्या, आपलं म्हणणं वेगळं मांडा. मग प्रमाणपत्रावर सही करते."

४.३०. त्याच्या मार्गदर्शकांचा फोन. "मॅडम, रिपोर्ट तर क्लीन आहे ना?"

"रिपोर्ट क्लीन आहे, सर. प्रकरण नाही."

"तुमचं काम टक्के बघायचं."

"नियमात तसं लिहिलेलं मला सापडलं नाही." ते बघतो म्हणाले.

५.१५. उद्याच्या ग्रंथालय समितीची विषयपत्रिका टाइप केली. समितीची सचिव मीच. पहिला विषय विभागांच्या खरेदी याद्यांचा होता. तो खाली ढकलून पासवर्डचा वर घेतला.