सिस्टम रिकव्हरी केली आणि फोटो गायब? आधी लॅपटॉप बंद करा, मग हे वाचा

लॅपटॉप दोन दिवस धड चालू होत नव्हता. कोणीतरी सल्ला दिला, "रिकव्हरी मार, सगळं ठीक होईल." तुम्ही लॅपटॉप सुरू होताना सांगितलेलं बटण दाबलं, दोन-तीनदा 'नेक्स्ट' केलं आणि तासाभराने लॅपटॉप नव्यासारखा उघडला. मग लक्षात आलं की तो खरोखरच नव्यासारखा उघडलाय. डेस्कटॉप रिकामा, डॉक्युमेंट्स रिकामं. बारशाचे फोटो, अर्धा लिहून झालेला प्रबंध, दुकानाचे पाच वर्षांचे हिशेब, काहीच नाही!

अशा वेळी पोटात गोळा येतो आणि माणूस सुचेल ते करत सुटतो. पुन्हा एकदा रिकव्हरी करून बघतो, नेटवरून दिसेल ते सॉफ्टवेअर उतरवतो. मंडळी, फायली कायमच्या जातात त्या बऱ्याचदा या धावपळीत. म्हणून आधी नेमकं काय झालंय ते समजून घेऊया.

रिकव्हरी कोणाची?

'सिस्टम रिकव्हरी' हे नाव ऐकून वाटतं की सगळं परत मिळणार. पण इथे रिकव्हर होते ती सिस्टम, म्हणजे विंडोज. तुमच्या फायली वाचवणं हे तिचं काम असेलच असं नाही. शिवाय एकाच नावाखाली लोक तीन-चार वेगळ्या गोष्टी करतात.

'सिस्टम रिस्टोअर' म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज आणि प्रोग्रॅम मागच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत नेणं. यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं जागच्या जागी राहतात. 'रीसेट' करताना दोन पर्याय मिळतात. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर प्रोग्रॅम जातात पण फायली राहतात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं तर नावाप्रमाणे सगळं जातं. आणि लॅपटॉप कंपनीने डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवलेली 'फॅक्टरी रिकव्हरी' चालवली, तर मशीन दुकानातून आणलं होतं त्या दिवसात जाऊन पोहोचतं. त्या दिवशी त्यात तुमचा एकही फोटो नव्हता, हे उघड आहे.

यातलं तुम्ही काय केलंत ते आठवून कागदावर लिहा. पुढे मदत करणारा सगळ्यात आधी हेच विचारणार आहे.

सातबाऱ्यावरून नाव गेलं, पीक अजून उभं आहे

फाइल पुसली जाते म्हणजे काय होतं? डिस्कवर एक नोंदवही असते. कोणती फाइल कुठे ठेवली आहे ते तीत लिहिलेलं असतं. फाइल डिलीट केली किंवा डिस्क घाईघाईत फॉरमॅट केली की फक्त ही नोंद जाते आणि ती जागा 'मोकळी' ठरते. फाइलमधला मजकूर तिथेच पडून असतो.

सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातलं पीक त्याच क्षणी नाहीसं होत नाही, तसंच हे. पण नवा मालक नांगर घेऊन आला की पीक गेलं. संगणकातला नांगर म्हणजे त्या जागेवर लिहिली जाणारी प्रत्येक नवी गोष्ट. रिकव्हरीने परत बसवलेल्या विंडोजने काही भाग आधीच नांगरलेला असतो. उरलेल्या भागात तुमच्या फायली असू शकतात.

आता गंमत बघा. नवं विंडोज इंटरनेट मिळताच अपडेट आणि ड्रायव्हर उतरवायला लागतं. तुम्ही हात जोडून बसला असलात तरी नांगर चालूच असतो! म्हणून पहिलं काम एकच: वाय-फाय बंद करा आणि लॅपटॉपही बंद करा.

हा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टनेही दिलेला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांची कागदपत्रं, फोटो त्यात उडाले. कंपनीला काही दिवसांतच ते अपडेट थांबवावं लागलं. दुरुस्त करून ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणलं गेलं. ज्यांच्या फायली गेल्या त्यांना कंपनीने सांगितलं होतं की तो संगणक कमीत कमी वापरा आणि आमच्याशी संपर्क साधा.

गेल्या आहेत की फक्त दिसत नाहीत?

पुढचा शोध फोनवरून सुरू करा, लॅपटॉपवरून नको. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, गूगल फोटोज तिन्ही उघडा. लॅपटॉपची रिकव्हरी केल्याने क्लाउडमधली प्रत पुसली जात नाही. विंडोजने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं तुमच्या नकळत वनड्राइव्हवर चढवलेली असण्याचीही शक्यता असते. कचरापेटीही बघा. गूगल ड्राइव्ह आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल ३० दिवस राहते, तर गूगल फोटोजवर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस.

मग माणसांकडे वळा. प्रबंधाचा मसुदा मार्गदर्शकांना मेल केला होता का? 'सेंट'मध्ये बघा. बारशाचे फोटो मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतील, फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर असतील, कॅमेऱ्याच्या कार्डावर असतील. हिशेबाची फाइल सीएकडे गेली असेल. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच लोकांना शेवटी आठवतो.

त्यानंतर, नेट बंद ठेवूनच, लॅपटॉप एकदा थोड्या वेळासाठी उघडा आणि तीन जागा तपासा.

पहिली जागा, सी ड्राइव्हमधलं 'विंडोज.ओल्ड' नावाचं फोल्डर. फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा बसवलं असेल तर जुन्या फायली इथे मिळतात. त्याच्या आत 'यूझर्स', आणि त्यात तुमचं जुनं नाव. सापडलं तर लगेच पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हे फोल्डर कायम राहत नाही. अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढून टाकतं.

दुसरी जागा, सी ड्राइव्हमधलं 'यूझर्स' फोल्डर. कधी कधी विंडोज तुम्हाला नव्या, रिकाम्या खात्यात नेऊन बसवतं आणि जुनं खातं शेजारीच पडून असतं. फेब्रुवारी २०२० मधल्या विंडोज १० च्या एका अपडेटनंतर असंच झालं होतं. लोकांना वाटलं सगळं गेलं, पण फायली नाव बदललेल्या जुन्या फोल्डरमध्ये होत्या.

तिसरी जागा, डी ड्राइव्ह. पुष्कळ वेळा रिकव्हरी फक्त सी ड्राइव्हवर चालते आणि डी तसाच राहतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. फाइल सापडली, पण उघडल्यावर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतोय? घाबरू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली ती फाइल असावी. रिकव्हरीत फॉन्ट गेला, मजकूर शाबूत आहे. फाइलमध्ये काही बदल न करता ती बाहेर ठेवा आणि सगळा शोध संपल्यावर तो फॉन्ट पुन्हा बसवा.

खरोखरच गेल्या असतील तर

आता सॉफ्टवेअरची पाळी. इथे एक नियम पाळायचाच: ज्या डिस्कवरून फायली गेल्या, तिच्यावर काहीही उतरवायचं नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही नाही आणि सापडलेल्या फायलीही नाहीत. उत्तम पद्धत म्हणजे डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि सापडेल ते तिसरीकडे साठवायचं. हे जमणार नसेल तर ओळखीच्या जाणकाराकडून करून घ्या. जाणकार आधी पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढतो आणि शोध त्या प्रतीत घेतो.

यासाठी फुकट साधनं आहेत. मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' २०२० पासून मिळतं, फक्त त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात. 'रेकुव्हा' वापरायला सोपं आहे. 'फोटोरेक' दिसायला रुक्ष, पण कामाला दणकट. ते नोंदवहीकडे बघतच नाही, थेट शेतात उतरतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपीईजी फोटो ठरावीक खुणेने सुरू होतो. वर्डची नवी फाइल आतून झिप फाइलच असते, म्हणून ती 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते. ही झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं! अशा खुणा हुडकत फोटोरेक डिस्क पिंजून काढतं.

या पद्धतीत फायलींची मूळ नावं आणि फोल्डरं परत येत नाहीत. हजारो फोटो नुसत्या क्रमांकांनी मिळतात आणि तुकड्यांत विखुरलेल्या फायली अर्ध्याच उघडतात. निवडत बसावं लागतं. पैसे घेणारं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर आधी मोफत आवृत्तीत आपला फोटो दिसतोय का ते बघा, मगच पैसे भरा. यादीत फक्त फाइलचं नाव दिसणं पुरेसं नाही.

जिथे हात टेकावे लागतात

आता कडू भाग. वरचं सगळं जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला छान लागू पडतं. पण आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. एसएसडीत नवं लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं. म्हणून विंडोज ७ पासून 'ट्रिम' नावाची सोय आली. फाइल डिलीट होताच विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता लागत नाही, आणि एसएसडी सवडीने ती साफ करते. म्हणजे सातबाऱ्यावरून नाव काढणारा नांगरवाल्यालाही निरोप धाडतो. त्यामुळे एसएसडीवर पूर्ण रीसेट झालं असेल तर यशाची शक्यता फार कमी असते.

दुसरी अडचण बिटलॉकरची. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. डिस्क दुसरीकडे जोडल्यावर ४८ अंकी किल्ली मागितली, तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. पण पूर्ण रीसेटमध्ये त्या कुलपाची माहितीच पुसली गेली असेल, तर डिस्कवर उरलेला मजकूर वाचता येत नाही.

आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर चालवू नका. तो आजार यंत्राचा आहे, लगेच वीज बंद करून प्रयोगशाळेची वाट धरा. खर्चाचा अंदाज आणि डेटा मिळाला नाही तर किती पैसे लागतील, हे आधी लेखी घ्या. 'शंभर टक्के परत मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा, आणि फोनवरून तुमच्या स्क्रीनचा ताबा मागणाऱ्यापासून त्याहून लांब.

पुढच्या वेळेसाठी

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रुळवलेला एक सोपा नियम आहे: ३-२-१. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढं केलं तरी नियम पूर्ण होतो. त्यातली एखादी फाइल अधूनमधून उघडून बघा. न उघडणारा बॅकअप हा बॅकअप नव्हे.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना तीन गोष्टी करा. फायली बाहेर उतरवून घ्या. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून ठेवा. आणि दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्ट सांगा, "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." टॅली वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅलीचा डेटा सहसा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्याचं फोल्डर वेगळं असतं. नुसतं डॉक्युमेंट्स उतरवून घेतलं तर हिशेब मागेच राहतात.

विंडोज पुन्हा बसवायला तास लागतो, प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही. तुमच्या ओळखीत कोणाचे घरचे सगळे फोटो एकाच लॅपटॉपवर असतील, तर हा लेख त्यांना आजच पाठवा. आणि कोणाच्या फायली आत्ताच गेल्या असतील, तर त्यांना आधी फोन करून सांगा: लॅपटॉप बंद कर, बाकीचं नंतर बघू.