मेन पाडला तरी बॅटरी जागीच असते

तमिळनाडूत वीज कंपनी देखभालीसाठी ठरलेल्या दिवशी वीज बंद ठेवते. तंजावरातही भाग आणि वेळ आधी जाहीर होते. जुना इन्व्हर्टर काढून नवा बसवायला हाच दिवस बरा, असं पुष्कळांना वाटतं. करंटच नाही, मग भीती कसली?

सगळ्यांत घातक गैरसमज हाच. बाहेरची वीज गेली रे गेली की इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करून घरातल्या वायरींत सोडतो. मेन पाडलेला, रस्त्यावरच्या तारा थंड, तरी पंख्याच्या पॉइंटला हात लावला तर झटका तोच. मेन पाडायचाच, पण तेवढ्याने भागत नाही. आधी दिवे-पंखे बंद करा, मग इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा, त्यानंतर त्याचा प्लग भिंतीतून काढा. बॅटरीला हात त्याच्यानंतर, आणि तोही आधी काळ्या, म्हणजे निगेटिव्ह वायरला. एवढं करूनही इन्व्हर्टरच्या आतल्या कपॅसिटरांत काही वेळ भार शिल्लक राहतो, म्हणून झाकण उघडायचं नाही. प्लग नसून वायरी थेट बोर्डात गेल्या असतील तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

चुकीच्या जोडणीचा फटका घराबाहेरही बसतो. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात पट्टुकोट्टै, पेरावुरणी भागात खांब आडवे झाले आणि वायरमन दिवसचे दिवस तारा ओढत होते. अशा वेळी एखाद्या घरातला जनरेटर किंवा इन्व्हर्टर मेन न तोडता जोडलेला असेल, तर वीज उलटी रस्त्यावर जाते. ट्रान्सफॉर्मरमधून उलट जाताना तिचा दाब हजारो व्होल्ट होतो. खांबावरचा माणूस मात्र लाइन बंद आहे असं समजून काम करत असतो.

‘बॅटरी बाराच व्होल्टची, ती काय करणार?’ कोरड्या हाताला ती झटका देत नाही, हे खरं. पण घरगुती १५० एएचच्या बॅटरीची दोन टोकं लोखंडी पान्याने जोडली गेली तर हजार-दोन हजार अँपिअर वाहू शकतात. साधा प्लग पॉइंट ६ अँपिअरचा असतो. बोटातली अंगठी पाना आणि टर्मिनल यांच्यामध्ये सापडली तर क्षणात लाल होते आणि बोट भाजून काढते. अंगठी, बांगड्या, चेन आधी उतरवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

जिन्याखालच्या अंधारात बॅटरीतलं पाणी बघायला कुणी मेणबत्ती धरतं, तेव्हा काळजात धस्स होतं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याला वास नाही, आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो. टॉर्च वापरा, दार-खिडकी उघडी ठेवा. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट जोडणीत एकच बॅटरी बदलून पैसे वाचत नाहीत, जुनी नवीला खाली ओढते. काढलेली बॅटरी भंगारवाल्याकडे न देता दुकानदाराला परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

जोडताना क्रम उलटा: लाल वायर आधी, काळी शेवटी, मग प्लग, मग बटण. काळी टेकवताना बारीक ठिणगी उडू शकते, म्हणून चार्जिंग थांबल्यावर लगेच जोडायची घाई करू नका. खोलीत आधी वारं खेळू द्या.